मापाचे हातमोजे

१ डिसेंबर, सोमवार

औषध कंपनीनं जानेवारीत दिलेली ही डायरी अकरा महिने कपाटात पडून होती. आज उघडली, कारण बोलायला घरात कोणी नाही आणि बोलले नाही तर माझं डोकं फुटेल. नवरा, कुंदन, सुरतला साड्यांच्या गोदामात, लेक ज्योती धुळ्याला नर्सिंगच्या होस्टेलवर. असोद्याच्या या घरात मी आणि माझे सासरे, नाना. सासूबाई गेल्यापासून नाना दिवसाला दहा शब्द बोलत असतील, त्यातले आठ केळीबद्दल.

झालं असं. नऊ वर्षं मी जळगावच्या लॅबमध्ये रक्त घेते. पेशंट नाव विचारत येतात, ‘चारुताई आहेत का? त्यांचा हात हलका आहे.’ आज सर म्हणाले, परवापासून उपाशीपोटी द्यायचं रक्त सकाळी साडेसहालाच घ्यायचं. आमची पहिली एस. टी. सात दहाला. रिक्षावाला आठ माणसं कोंबल्याशिवाय हलत नाही. मी तसं सांगितलं, तर म्हणतात, “जमत नसेल तर सकाळी प्रेमराज टोचेल. तुम्ही काउंटरवर बसा. नवीन वर्षापर्यंत बघू.”

काउंटरवर! म्हणजे नावं लिहायची आणि पावत्या फाडायच्या. प्रेमराज पोरगा चांगला आहे, पण त्याच्या हातात सुई पाहिली की पेशंट आधीच डोळे मिटतात. मी अजिबात काउंटरवर बसणार नाही. ज्योतीची शाळेतली सायकल गोठ्यात उभी आहे. सहा किलोमीटर तर रस्ता.

नानांना सांगितलं. “सायकलीवर? अंधारात?” एवढंच म्हणाले आणि रुमाल खांद्यावर टाकून बाहेर गेले. लोक काय म्हणतील, हेच पोटात असणार. त्यांच्याकडे मोटारसायकल आहे, पण तिचं नाव काढायचं नाही. मला नोकरी लागली तेव्हा हेच नाना चारचौघांत म्हणाले होते, सुनेला गाडीवर बसवून कामाला सोडायची वेळ आली नही माझ्यावर. मीही तिथल्या तिथं म्हणाले, तुमच्या गाडीवर पाय ठेवणार नाही. नऊ वर्षं दोघांनी शब्द पाळलाय.

३ डिसेंबर, बुधवार

पोहोचले! सहा पंचवीसला लॅबच्या दारात. मांड्या भरून आल्या, पण पोहोचले.

पहिल्याच धुरपदाबाई. पारोळ्याकडच्या, आता लेकाकडे जळगावात असतात. दर पंधरा दिवसांनी रक्त द्यावं लागतं आणि शिरा तर अशा की दिसत नाहीत, बोटालाच लागतात. एका सुईत झालं. “तू नही राहशी तं मी रगत देसूच नही माय,” म्हणाल्या. सरांनी ऐकलं. बरं झालं ऐकलं.

घ्यायच्या वस्तू: हातमोजे, कानटोपी, विंडचीटर, सायकलला पुढची बॅटरी.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल रात्रीपासून थंडी उतरली आहे. बसमध्ये कधी कळलंच नव्हतं की थंडी म्हणजे काय. सायकलवर ती समोरून येते आणि सरळ बोटांत शिरते. लॅबमध्ये पोहोचले तेव्हा रबरी मोजे चढवता येईनात, दहा मिनिटं हात काखेत धरून बसले.

दुपारी बाजारात गेले. माय व, काय बाजार आहे! सायकलवर घालायला लेडीज हातमोजे द्या म्हटलं, तर एकानं सनकोट काढून दाखवला. दुसऱ्यानं उन्हाचा स्टोल. तिसरा म्हणतो, “ताई, हे घ्या, एप्रिलमध्येसुद्धा चटका लागत नाही.” अरे बाबा, मी डिसेंबरात मरतेय, तू एप्रिलचं काय सांगतोस? या गावाला उन्हाचं सगळं माहीत. थंडी दीड महिना येते ती जणू शेजाऱ्यांकडे येते, तिच्यासाठी कोणी काही ठेवत नाही.

कानटोपी मिळाली. माकडटोपीच आहे, आरशात पाहिलं नाही.

८ डिसेंबर, सोमवार

मैदानावरच्या स्वेटरवाल्यांकडून लोकरीचे हातमोजे आणले. गुलाबी, वर गोंडा. दिसायला गोजिरे आणि कामाला शून्य. वारा त्यातून आरपार जातो. असोदा सोडलं नाही तोच बोटं गेली.

आणि एक नवी कटकट. वेशीपासून एक मोटारसायकल मागं लागते. पुढं जात नाही, मागं राहत नाही. माझीच लांबलचक सावली पुढं पळताना दिसते. शनिवारी घाबरले होते. आज आवाज ओळखला: नानांची गाडी! आमचं शेत भादलीच्या अंगाला, जळगावच्या अगदी उलट. मग हे इकडे कुठं? पाळत, दुसरं काय. सून खरंच कामाला जाते की कुठं, ते बघतात. रेल्वे फाटकाच्या अलीकडे रस्त्यावरचे दिवे सुरू झाले की गाडी वळवून परत जातात. चाळीस वर्षांची बाई मी, लेकीचं लग्न दोन वर्षांत करीन, आणि माझ्यावर पाळत! संध्याकाळी ताट जरा आपटूनच वाढलं. त्यांनी मान वर केली नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

चेनला कोणीतरी बदाबदा तेल ओतून ठेवलं होतं. सलवारीला घोट्यापाशी काळा पट्टा उमटला, दोनदा धुवूनही गेला नाही. घरात कोणीतरी म्हणजे कोण, ते लिहायला नको. मी सायकल सोडावी म्हणून हे चाललंय.

सायकल मात्र गुणाची आहे. इतकी वर्षं गोठ्यात पडून होती, पण एकदाही हवा भरावी लागली नाही.

बॅटरी अजून घेतली नाही. तशी अडत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

धुळ्याला जाऊन आले. ज्योती म्हणाली, “मम्मी, इथं थंडी जास्त, म्हणजे माल पण जास्त.” जाताना पारोळ्यापर्यंत बसच्या खिडकीला काच नव्हती, त्यामुळे थंडीची परीक्षा तिथंच झाली.

माल जास्त होता, पण सगळा पुरुषांचा. चार दुकानं फिरलो. चामड्याचे हातमोजे, आतून मऊ, वारा शिरणार नाही असे. लेडीज माप? “लेडीज गाडी चालवताना कुठं घालतात?” दुकानदार हसून म्हणाला. मी म्हटलं, “लेडीजला बोटं नसतात का?” ज्योतीनं मला ओढून बाहेर नेलं. तरी परत जाऊन तेच घेतले, कारण दुसरं नव्हतंच. विंडचीटरही पुरुषी. बाह्या दोनदा दुमडल्या तरी बोटांवर येतात.

“पप्पांना सांग, ते सुरतहून पाठवतील,” ज्योती म्हणाली. मग हळूच, “आणि बाबांना सांगितलंस का थंडी वाजते म्हणून?” तिच्या आजोबांना सांगायचं! मग ते म्हणतील, मी आधीच म्हटलं होतं. त्यापेक्षा बोटं गळून पडली तरी चालतील.

१७ डिसेंबर, बुधवार

लिहायची इच्छा नाही, पण लिहिते.

चामड्याच्या मोज्यांत माझी बोटं अर्ध्यावर संपतात, पुढं नुसती रिकामी टोकं. ब्रेक दाबायला गेले तर टोक दांडीत अडकलं आणि खडीवरून घसरता घसरता वाचले. मोजे काढून पिशवीत टाकले आणि उघड्या हातांनी गेले.

आज धुरपदाबाईंचा दिवस. बोटांना काही म्हणजे काही लागत नव्हतं. शीर आहे का हाड आहे, कळेना. एकदा टोचलं, नाही. दुसऱ्यांदा, नाही. तिसऱ्यांदा दुसऱ्या हातावर, तेव्हा कुठं चार थेंब आले आणि शीर फुगून निळी झाली. “तुना हात आज बर्फ शे माय,” एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सर दारात उभे होते. त्यांनी पुढचा पेशंट प्रेमराजकडे पाठवला.

संडासात जाऊन रडले. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या हाताची भीती वाटली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सुरतचं पार्सल आलं. मोठ्या आशेनं कापलं. आत काय? कोपरापर्यंतचे पांढरे, पातळ, जाळीचे मोजे. उन्हाचे! वर चिठ्ठी: ‘एकदम हलके आहेत, त्रास होणार नाही.’

फोन लावला. “अहो, थंडीसाठी मागितले होते.” कुंदन म्हणतात, “इथं थंडी कुठं आहे? पंखा चालू आहे माझा.” मी म्हटलं, मग त्या पंख्यालाच घाला. आणि फोन ठेवला. नंतर वाईट वाटलं, पण परत लावला नाही.

नाना ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. नंतर त्यांनी पार्सलमधले मोजे उचलून उजेडात धरले, ताणून पाहिले आणि होते तिथं ठेवले. हसत असतील मनात.

२३ डिसेंबर, मंगळवार

ऑनलाइन मागवलेले मोजे आले. फोटोत बाईचा हात होता. आलेत ते पैलवानाचे. परत पाठवायला गेले तर मुदत कालच संपली म्हणे, कारण पोहोचल्याची नोंद होऊनही पार्सल दोन दिवस जळगावातच पडून होतं. कपाळ माझं! आता पुरुषी मापाचे दोन जोड, गुलाबी एक, उन्हाचा एक. कपाट मोज्यांनी भरलंय आणि माझे हात उघडे आहेत.

शिवाय वाटेतल्या वळणावरच्या निंबाखाली कोणीतरी रोज शेकोटी पेटवून ठेवतं. केळीला थंडी लागू नये म्हणून बागेत धूर करतात, ते ठीक आहे, पण तिथं बाग नाही, नुसता हरभरा आहे. माणूस कधी दिसत नाही. धूर डोळ्यांत जातो म्हणून उतरावंच लागतं. उतरते तर दोन मिनिटं हात शेकून घेते, तेवढंच. पण सहा किलोमीटरमधले तीन पुढं उरतात, तोवर बोटं परत होती तशी.

पाचला नाना किक मारून माझी झोप मोडतात, कुठंतरी जाऊन येतात आणि मी निघाले की वेशीवर हजर. हल्ली खोकतातही. या वयात गारठ्यात हिंडायचं कशाला? पण पाळत ठेवायची हौस.

आज चार पेशंट प्रेमराजनं केले. मी नावं लिहिली.

३० डिसेंबर, मंगळवार

आज माझी अब्रू गेली.

पहाटे गोठ्यात गेले तर सायकलच्या दोन्ही मुठींवर निळ्या पिशव्या! केळीच्या घडाला थंडीत घालतात त्या. मूठ आणि ब्रेक दोन्ही आत, हँडलच्या दांडीला सुतळीनं आवळलेल्या, मनगटाच्या बाजूनं तोंड उघडं. आत हात घातला तर मऊ लागलं. सासूबाईंच्या जुन्या गोधडीचा तुकडा मोठ्या मोठ्या टाक्यांनी शिवलेला. एवढे वाकडे टाके गावात एकाच माणसाचे.

मी भडकले. “नाना, हे काय? मी काय केळीचा घड आहे?”

ते ओट्यावरूनच म्हणाले, “घडाले कोनी स्वेटर घालतं का? त्याले ऊब देत नही. वारा अडवतात फक्त. ऊब त्याची त्याच्यात असते.”

महिन्याभरातलं त्यांचं सगळ्यात मोठं भाषण. पिशव्या कापून टाकणार होते, पण कात्री शोधायला वेळ नव्हता. तशीच निघाले. दूधवाला हसला. फाटकावर एक जण ओरडला, “काकू, घड बाजारात चालला का?” मान खाली घालून गेले.

लॅबमध्ये पोहोचून रबरी मोजे खोक्यातून काढले, आणि ते सरकन चढले. मी तशीच उभी राहिले. बोटं गरम होती. सगळी दहाच्या दहा.

महिनाभर मी जास्त जाड, जास्त मऊ, जास्त महाग शोधत फिरले. ब्रेक, बोटं, माप यांचा प्रश्न हातमोज्यात सुटतच नव्हता. मोजा हाताला नाही, सायकलला घालायचा होता. हे मला का सुचलं नाही? माझ्या दारात केळी आहे!

नानांना सांगायला गेले आणि तशीच परत चुलीपाशी आले. भरीत केलं, कळण्याची भाकर टाकली. त्यांनी दीड भाकर खाल्ली.

पाळत मात्र आजही होतीच.

२ जानेवारी, शुक्रवार

डायरी संपली. म्हणून तिच्याच जानेवारीच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. छापलेले वार चुकतात, ते खोडले.

धुरपदाबाई आल्या. लेक म्हणाला, “ताई, आज त्या दादांकडे दिलं तर?” बरोबरच आहे त्याचं. पण म्हातारीनं बाही वर केली आणि माझ्यापुढं हात ठेवला. मी बोट फिरवलं. शीर लागली, जणू वाट बघत होती. एकाच सुईत, पूर्ण ट्यूब.

“आज तुना हात तुनाच शे,” म्हणाल्या.

सरांनी नवीन वर्षाचं काही काढलं नाही. नुसता सकाळचा ट्रे माझ्या टेबलावर सरकवला आणि प्रेमराजला म्हणाले, “तू नऊला येत जा.” दिवसभर मी उगाच सगळ्यांशी गोड बोलत होते.

६ जानेवारी, मंगळवार

काल रात्री नानांना ताप भरला. सकाळी किकचा आवाज आला नाही.

वेशीबाहेर पडले आणि काही दिसेना. खरंच काही नाही. रस्ता कुठं, खडी कुठं, शेताची कड कुठं. चाक खड्ड्यात गेलं, उतरले, मोबाइलचा उजेड तोंडात धरून सायकल ढकलत चालत राहिले. वळणावर शेकोटी नव्हती. थंडगार राख होती.

त्या राखेपाशी मी थांबले. महिनाभर बॅटरी न घेता मी कशी काय जात होते? ‘तशी अडत नाही’, असं मीच लिहिलंय इथं, मागच्या पानांवर.

सात वाजता पोहोचले. सर काही बोलले. मला ऐकू आलं नाही.

७ जानेवारी, बुधवार

गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय. नाना जळगावला यायला तयार नाहीत. उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाला सुई लावू दिलेली नाही. म्हणून मी लॅबमधून ट्यूब घेऊन आले आणि खाटेशेजारी बसले.

“हात द्या.”

दिला. अंग तापलेलं आणि बोटं बर्फ. पंजाला भेगा, त्यांत काजळी बसलेली. अंगठ्यावर भाजल्याचा डाग. नऊ वर्षं मी लोकांचे हात धरते, याच घरातला हा हात कधी धरला नव्हता.

“वळणावरची शेकोटी तुम्ही पेटवायचात?”

“केळीले लागते.”

“तिथं आपली केळी आहे?”

त्यांनी दुसऱ्या हातानं पांघरूण छातीवर ओढलं.

“आणि गाडी? रोज माझ्या मागं?”

“तुह्या सायकलले दिवा नही.”

मला एवढा राग आला! त्यांचा, माझा, त्या नऊ वर्षांपूर्वीच्या चारचौघांचा. “एकदा ‘बस गाडीवर’ म्हणाला असतात तर?”

“तू बसली नसतीस.”

“नसते बसले,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

पट्टा बांधला, बोट फिरवलं, शीर मिळाली. त्यांनी डोळे गच्च मिटले होते. “झालं,” म्हटलं तेव्हा उघडले. “झालं?” ट्यूबकडे बघत राहिले. “लोक म्हनतात ते खरं हे. हात हलका हे.”

मी उठून कपाटापाशी गेले. धुळ्याचे चामड्याचे मोजे काढले आणि त्यांच्या हातात चढवले. बोटाला बोट बरोबर बसलं, जणू माप देऊन शिवलेले. तीन आठवडे ते त्यांच्या खाटेपासून चार पावलांवर पडून होते. मी जळगाव पालथं घातलं, धुळं पालथं घातलं, कुंदनशी भांडले, दुकानदारांशी भांडले, फक्त माझ्या मापासाठी. आणि हा माणूस रोज पहाटे उघड्या हातांनी माझ्या मागून येत होता. स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं वाटलं.

“काढा आता,” मी थोड्या वेळानं म्हटलं. “झोपताना घालायचे नसतात.”

“राहू दे,” म्हणाले. ते घालूनच झोपलेत.

उद्या येताना सायकलची बॅटरी घ्यायची आहे.